उपकेंद्राशेजारची एकरभर ई-क्लास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भाच्या विकासाची चर्चा निघाली की बुटीबोरीला कोणता कारखाना येणार आणि नांदगाव पेठेला कोणता, यावरच ती बहुधा थांबते. विजेचा विषय निघालाच तर कोराडी, खापरखेडा, पारस आणि चंद्रपूर येथील केंद्रांची राख आमच्या वाट्याला व वीज साऱ्या राज्याला, एवढीच तक्रार होते. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट असल्यामुळे या तक्रारीत तथ्य आहेच. परंतु सरकारी वीज कंपनीला खेड्यातल्या रोजगारासाठी करता येईल असे याहून पुष्कळ लहान एक काम आहे, ते म्हणजे वीज उपकेंद्राशेजारची एकरभर ई-क्लास (गावाच्या चराईची सरकारी) जमीन लहान उद्योगांसाठी राखून तेथे स्वतंत्र वीजवाहिनी नेणे, आणि त्याकडे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी झाल्यापासून गावात वीज दिवसभर असते, तर शिवारात मोटारी व यंत्रे चालवणारी थ्री फेज वीज पाळीनुसार ठराविक तासच येते. एका आठवड्यात दिवसा आली तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. गावठाणाला याचा फायदा झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान, दूध संकलनाचे शीतयंत्र हे सारे त्यामुळेच टिकून आहे. मात्र लहान उद्योग गावात कोठे उभा राहू शकतो, हेही त्याच वेळी ठरून गेले. तसा कोणाचा हेतू नव्हता आणि मी कोणा अधिकाऱ्याला दोषही देत नाही.

आमच्या गावच्या महिला बचत गटाचे उदाहरण पाहा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल या गटाने घेतली. तुरीला तेल-पाणी लावून ती उन्हात पसरावी लागते आणि गावठाणात तेवढे मोकळे आवार कोणाकडेच नाही, म्हणून यंत्र शेतातल्या गोठ्याशेजारी बसवले. आता तूर दिवसा वाळते आणि रात्रपाळीच्या आठवड्यात ती भरडायला या बायांना रात्री बारानंतर टॉर्च घेऊन शेतात जावे लागते. रानडुकरांच्या भीतीने घरचा एखादा पुरुष सोबत जातो, तोही दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही. शेवटी बरीचशी तूर पोत्यांत भरून अकोल्याच्या डाळ मिलला रवाना होते आणि तिकडची डाळ किराणा दुकानातून आम्हीच विकत घेतो. ढोरांसाठी चुनीही (डाळ भरडताना निघणारा कोंडा-चुरा) बाजारातून आणतो, जी आमच्याच तुरीची असते.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 ही 2023 पासून राबवली जात आहे. तिच्यात उपकेंद्रांच्या जवळपास सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना वीज दिली जाते. त्यासाठी सरकारी जागा वापरली जाते आणि खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडे मिळते. ओलितासाठी ही योजना उत्तमच आहे. तथापि शेतीच्या वाहिनीवर दिवसा वीज आली तरी ती ठराविक तासांचीच राहणार; पाऊस लांबला किंवा हंगाम जोरात असला की डाळ मिलला अथवा तेलघाण्याला तेवढी पुरत नाही. ज्या शेतकऱ्याने स्वतंत्र सौर पंप घेतला त्याचे ओलित होते, पण त्या पॅनेलवर गावाची गिरणी चालत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, सौर प्रकल्पासाठी ई-क्लास जमीन देताना उपकेंद्रालगतची एखादी एकर जागा प्रक्रिया उद्योगांसाठी वेगळी ठेवावी आणि तेथे शेतीच्या पाळ्यांशी संबंध नसलेली स्वतंत्र वाहिनी न्यावी. उपकेंद्र शेजारीच असल्याने खांब व तार फारशी लागणार नाही. वाळवणासाठी सिमेंटचा ओटा आणि एक शेड ग्रामपंचायत बांधू शकेल. वीज कंपनीचाही यात तोटा नाही. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल शेतकरी भरत नाही आणि ती रक्कम शासनाच्या अनुदानातून येते. डाळ मिल, घाणा किंवा हळद दळणारा मात्र दरमहा बिल भरणारा ग्राहक असतो. आमच्यासारख्या तालुक्यात असे ग्राहक वाढवणे हे कंपनीच्या वसुलीसाठीही हिताचेच आहे.

ई-क्लासवर गुरे चारणाऱ्यांनी आमच्या ग्रामसभेत हरकत घेतली होती आणि ती रास्त होती. त्यामुळे किती जागा पॅनेलला, किती चराईला आणि किती उद्योगाला, हे जागेचा ठराव घेतानाच त्यात लिहिले जावे. एकदा कुंपण पडल्यावर त्या जागेबद्दल गावाला कोणी विचारत नाही. जिल्हा नियोजन समितीने या वर्षी निदान एका उपकेंद्राजवळ हा प्रयोग करून पाहावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. कारंजा (लाड), जि. वाशीम