गाडीच्या दिव्याचे मूळ दुखणे शोधून देणाऱ्या मेकॅनिक चाचांचे जाहीर आभार

आदरणीय चाचा,
स. न. वि. वि.

आमच्या गाडीच्या डाव्या हेडलाइटचा बिघाड आपण मुळापासून शोधून दुरुस्त केलात, त्याबद्दल आपले मनापासून आभार. हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण तो ज्या रीतीने शोधलात ती रीत रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी, असे मला वाटते.

गळिताच्या हंगामात अंधार पडल्यावर तासगावहून सांगलीला येणे किती जिकिरीचे असते, हे आपणास सांगायला नको. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो, मागच्या ट्रॉलीला अनेकदा दिवा नसतो आणि रिफ्लेक्टरही नसतो. नेमक्या त्याच वेळी, कवलापूरच्या आसपास, आमचा डावा दिवा फडफडत असे आणि मध्येच विझत असे. एका दुकानात त्यातला एलईडी बल्ब बदलून मिळाला, तर नवाही थोड्याच दिवसांत तसाच करू लागला. दुसरीकडे सल्ला मिळाला की दिव्याच्या वायरीला रेझिस्टर (जादा करंट ओढून घेणारा वीजरोधक) जोडून घ्या.

आपण बॉनेट उघडल्यावर कोणताही सुटा भाग मागवला नाहीत. आधी डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावलात. फडफड डावीकडेच राहिली, म्हणजे बल्ब निर्दोष ठरला. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावलात. तेथे १४ व्होल्टच्या वर दाब होता, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटरही ठीक होता. त्यानंतर जे केलेत ते मी प्रथमच पाहिले: दिवा चालू असतानाच मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी बल्बच्या कपलरमधील (वायरीच्या जोडणीतील) अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरच्या, पिनेवर टेकवलीत. तेथे दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त काही दिसायला नको होते, पण रेडिएटरचा पंखा सुरू होताच आकडा एक ते चार व्होल्टच्या दरम्यान नाचू लागला. आपण एवढेच म्हणालात, “बल्ब कुठे बिघडलाय? करंटला परत जायला रस्ताच नाही.”

ती वायर हाताने चाचपत आपण डाव्या दिव्यामागच्या पत्र्यावरील अर्थच्या बोल्टपर्यंत पोचलात. २०१९ च्या महापुरात ही गाडी पाण्यात उभी होती. थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर, हिरवट थर चढला होता, बोल्टखाली गंज होता आणि पंख्याची अर्थ वायरही त्याच बोल्टवर होती. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, नवे थिंबल दाबून, बोल्ट आवळून आपण वरून ग्रीस लावलेत आणि पुन्हा मीटर टेकवलात. या वेळी पंखा चालू असूनही आकडा जवळजवळ शून्यावर स्थिर राहिला.

पूर्वी एलईडीऐवजी तारेचा हॅलोजन बल्ब असताना ही फडफड का दिसली नाही, या माझ्या प्रश्नाचे आपण दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. हॅलोजनची तापलेली तार क्षणभराच्या चढउतारात विझत नाही, ती फक्त मंद होते. एलईडीच्या आतले ड्रायव्हर सर्किट मात्र व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की बंद पडते, ते सावरले की पुन्हा सुरू होते, आणि डोळ्यांना दिसते ती हीच उघडझाप. काही नव्या गाड्यांत संगणकच दिव्याला तुटक स्पंदनांत वीज देतो किंवा कमी करंट पाहून बल्ब गेला असे समजतो, आणि तेथे डीकोडरचा, म्हणजे संगणक व बल्ब यांच्यामध्ये जोडायच्या छोट्या सर्किटचा, उपयोग होतो, हेही आपण सांगितलेत. आमच्या गाडीला त्याची गरज नव्हती. शिवाय ६ ओहमचा रेझिस्टर १४ व्होल्टवर तीस वॅटहून अधिक उष्णता बाहेर टाकतो, आणि तो प्लास्टिकला किंवा वायरिंगला बांधला तर आगीला निमंत्रण मिळते, हे आपण बजावलेत.

काम येथेच संपले असते तरी मी समाधानाने घरी गेलो असतो. आपण मात्र गाडी समोरच्या भिंतीकडे तोंड करून लावलीत आणि डिपरचा (खाली झुकवलेल्या झोताचा) प्रकाश दाखवलात. आमच्या दिव्याचा रिफ्लेक्टर एच-फोर प्रकारच्या हॅलोजन बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेला आहे. एलईडीच्या चिप त्या जागी अचूक बसत नसल्याने प्रकाश झोताच्या वरच्या कडेच्या रेषेवरून वर सांडत होता, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात होता. मागचे रबरी कव्हर बल्बच्या छोट्या पंख्याला घासत होते, त्यामुळे त्याची उष्णताही बाहेर पडत नव्हती. माझी संमती घेऊन आपण साधे ६०/५५ वॅटचे हॅलोजन बसवलेत, तेही काचेला बोट न लावता, कारण बोटाच्या तेलकटपणाने काचेचा तेवढाच भाग जास्त तापून बल्ब लवकर जातो. हॅलोजनचा उजेड कमी पडेल ही माझी शंका आपण मीटरनेच फेडलीत. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, आणि आमच्या दिव्याला इतकी वर्षे पूर्ण व्होल्टेज मिळतच नव्हते. आता रस्त्याची कड आणि ट्रॉलीचे मागचे चाक दोन्ही लांबूनच स्पष्ट दिसतात. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांची आपण केलेली ही काळजी मला या सगळ्या दुरुस्तीत सर्वांत मोठी वाटते.

नवा बल्ब आणि रेझिस्टर विकून आपल्याला सहज पैसे मिळाले असते. आपण एक थिंबल, दोन साधे बल्ब आणि मजुरी एवढेच घेतलेत आणि जवळ बसलेल्या मुलाला प्रत्येक मोजमाप स्वतः करायला लावलेत, याचा मला विशेष आनंद वाटला.

आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचा उजवा दिवा असाच फडफडतो आहे. नवा बल्ब घेण्याआधी येत्या रविवारी त्यांना आपल्याकडे पाठवत आहे.

आपला कृतज्ञ,
सांगलीतील एक वाहनचालक