घरच्या सर्व्हरवर ‘७७७’ हा इलाज नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुने फोटो, घराची रजिस्ट्री, आजोबांची मोडी दप्तरं स्कॅन करून एका जुन्या पीसीवर लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरची फोल्डरं नेटवर्कवरून विंडोजलाही उघडून देणारं सॉफ्टवेअर) टाकायचं आणि घरभर वापरायचं, ही सोय उत्तमच. पण फोल्डर अडलं की सल्ला ठरलेला: गेस्ट (पासवर्डाशिवाय प्रवेश) चालू करा, परमिशन ७७७ (कुणालाही सगळं करायची मुभा) करा. म्हणजे कुलूप बिघडलं म्हणून दारच काढून ठेवायचं!

इथे कुलपं दोन असतात, सांबाचं आणि डिस्कवरच्या फोल्डरचं. दोन्ही उघडली तरच आत जाता येतं. लिनक्सचा पासवर्ड सांबाला चालत नाही. प्रत्येकाचा वेगळा ‘smbpasswd’ या कमांडने द्यावा लागतो. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

उरलेली खास एकत्र कुटुंबातली. काकांनी ठेवलेला हिशेब पुतण्याला उघडतो, पण सेव्ह होत नाही. कारण सांबाचा ‘क्रिएट मास्क’ (नव्या फाईलला जास्तीत जास्त किती परमिशन मिळेल ते ठरवणारी सेटिंग) मुळात ०७४४ असतो: मालकाला सगळं, ग्रुपला नुसतं वाचन. घरच्यांचा एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करून परमिशन २७७० (मालकाला आणि ग्रुपला सगळं, इतरांना काहीच नाही) द्या. सुरुवातीचा २ महत्त्वाचा, त्यामुळे आतली नवी फाईल आपोआप त्याच ग्रुपची होते. मग सांबाच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरच्या शेअरखाली क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क (नव्या फोल्डरांसाठी तेच) २७७०, ‘व्हॅलिड युझर्स’मध्ये (कुणाला आत घ्यायचं त्या यादीत) तोच ग्रुप. ‘टेस्टपार्म’ (testparm) ही सेटिंग तपासणारी कमांड चालवून चुका बघा, सांबा रीस्टार्ट करा. आधीच्या फाइली मात्र जुन्याच परमिशनवर राहतात. त्यांचा ग्रुप आणि परमिशन एकदा हाताने बदलावी लागते.

विंडोज एका सर्व्हरवर एका वेळी दोन नावांनी जाऊ देत नाही. आईच्या नावाने जोडलेलं असेल तर आधी ते तोडा.

जुन्या टीव्हीसाठी एसएमबी १ (सांबा ज्या पद्धतीने फाइली देतं तिची जुनी आवृत्ती) चालू करायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हे फाइली अडकवून खंडणी मागणारं व्हायरस त्यातल्याच छिद्रातून पसरलं. राउटरवर ४४५ पोर्टही (सांबाचं नेटवर्कवरचं दार) बाहेर इंटरनेटला उघडू नये.

आणि नेटवर्कवरून डिलीट केलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. सांबाचं ‘रिसायकल’ मॉड्यूल लावा, आठवड्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर