माडी रंगवून झाली आहे, पण...

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, दुपारी

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात फोनवर हालोलच्या नव्या नोकरीचं सांगून तू विचारलंस, "बाबा, बडोद्यात घर कुठं बघू?" मी तोंड उघडायच्या आत आईने फोन घेतला. तिचं उत्तर तू ऐकलंसच, आपल्या वाड्यातच राहायचं. त्यानंतर तिने रंगारी बोलावून माडीवरची खोली फिकट निळी करून घेतली. नात ओवी, तिला निळा आवडतो म्हणे. रंग बरा झालाय. माझं बोलणं मात्र राहून गेलं, ते आता लिहितोय. फोन केला असता तर ती शेजारी येऊन उभी राहिली असती.

तू वाड्यात राहायला येऊ नकोस.

वाईट वाटून घेऊ नकोस, पुढे वाच.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी ॲक्टिव्हा काढली आणि घड्याळ लावून गोल्डन चोकडीपर्यंत जाऊन आलो. हालोलचा रस्ता तिथून सुरू होतो, म्हणजे कुठेही राहिलास तरी रोज तुला तिथवर पोचायचंच आहे. वाड्यातून 25 मिनिटं लागली, ती दुचाकीवर. गाडी असेल तर आधी ती बोळाच्या तोंडाशी लावलेल्या चार स्कुटरींमधून बाहेर काढ, मग मांडवी दरवाज्याचा वेढा. गुरुवारी माझा बसमधला जुना सोबती, जो आता पश्चिमेला भायलीत मुलाकडे असतो, त्याला त्याच्या गाडीतून निघायला लावलं. त्याने मला निवृत्त माणसाचे उद्योग म्हणून दोन शब्द ऐकवले, पण आला. भायली ते गोल्डन, सकाळी 45 मिनिटं. संध्याकाळी सव्वासहाला परत, एक तास पाच मिनिटं. पूर्वेकडच्या न्यू व्हीआयपी रोडवरून गोल्डनला आठ मिनिटं. कालनिर्णयच्या मागच्या पानावर सगळं टिपून ठेवलंय, आलास की बघ.

आता तू म्हणशील, भायली-वासणा, गोत्री तिकडे नवीन इमारती, मोठ्या शाळा, सूनबाई मधुराच्या मैत्रिणीही तिकडेच. खरं आहे. पुण्याहून येणारा प्रत्येक जण आधी तिकडेच बघतो, कारण जाहिराती तिकडच्याच असतात. पण नकाशा समोर ठेव. गावाच्या मधून दोन रेघा जातात, एक रेल्वेची आणि एक विश्वामित्री नदीची. पश्चिमेला राहिलास तर रोज सकाळी दोन्ही ओलांडायच्या आणि संध्याकाळी पुन्हा दोन्ही. पूल आहेत, नाही असं नाही. पण पूल म्हणजे सगळ्या गावाने एकाच वेळी घुसायची जागा. काळा घोडा चौकापाशी संध्याकाळी उभा राहा, म्हणजे कळेल.

आणि पावसाळा. 2019 च्या 31 जुलैला एका दिवसात जवळजवळ 20 इंच पडला होता, तेव्हा तू पुण्यातून दर तासाला फोन करत होतास. 2024 च्या ऑगस्टमध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली आणि लोकांच्या सोसायट्यांत मगरी आल्या. ते व्हिडिओ तूच मला पाठवलेस, जणू मी बडोद्यात राहतच नाही! गंमत अशी की ही नदी निघते पावागडातून. म्हणजे तुझ्या कंपनीच्या मागे जो डोंगर दिसतो तिथूनच. तिकडे धो धो कोसळला, आजवा धरणाची पातळी वाढली, की ते पाणी आपल्याकडे येणार. त्यामुळे हालोलला जोरात पाऊस बघितलास की समजायचं, आता घरी परतायच्या वाटेवर नदी येता कामा नये. नदीच्या अलीकडे, म्हणजे पूर्वेला घर असलेला माणूस तेव्हा घरी जाऊन भजी खातो. पलीकडचा गाडीत बसून फोन करत राहतो. जरोदवरून रोज जाशील, तिथे एनडीआरएफची, म्हणजे आपत्ती बचाव दलाची, सहावी बटालियन आहे. पुरात त्यांच्या होड्या आपल्याच रस्त्यांवर फिरतात. त्या होडीत बसायची वेळ तुझ्यावर येऊ नये एवढंच.

पूर्वेला म्हणजे डोळे मिटून कुठेही, असंही नाही. कारेलीबागेत नदीकाठच्या कितीतरी सोसायट्यांत पाणी शिरलं होतं. दलालाला विचारू नकोस, तो "पाणी नथी भरातुं" म्हणतोच. त्याचं कामच ते. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचार, नाहीतर पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, कोणाची गाडी बुडाली, लाइट किती दिवस नव्हते, सगळं तारखेसकट सांगतात. पार्किंगमध्ये विजेचे मीटर कुठल्या उंचीवर आहेत ते बघ. जुन्या जागेवर भोकं बुजवलेली आणि मीटर डोक्याच्या वर चढवलेले दिसले, तर न विचारताच उत्तर मिळालं. परवा मी हरणी रोडला अशी एक इमारत बघितली. भिंतीवर नवा रंग, पण जिन्याखाली कमरेएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ तशीच होती. रंगाऱ्याचा ब्रश जिन्याखाली पोचला नव्हता.

कंपनीची बस आहे म्हणालास. एचआरकडून आधी बसचा मार्ग मागव, घर नंतर. आणि त्यात शेवटचा थांबा कुठला आहे ते बघ. गावभर फिरून बस जिथून हायवेला लागते, तिथला माणूस सगळ्यात शेवटी चढतो आणि संध्याकाळी सगळ्यात आधी उतरतो. पहिल्या थांब्यावरचा त्याच पगारात, त्याच बसमध्ये, तासभर आधी उठतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी 27 वर्षं पहिल्या थांब्यावरून चढलो.

ती गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. 1988 साली मला माझ्या कंपनीच्या वसाहतीत क्वार्टर मिळत होतं. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, गेटपर्यंत चालत दहा मिनिटं. आजोबा म्हणाले, "वाडा सोडून कंपनीच्या चाळीत जाणार?" आपले पणजोबा गायकवाडांच्या कचेरीत नोकरीला म्हणून इथे आले, त्या वाड्याला कुलूप लागणार की काय, असा त्यांचा सूर. मी क्वार्टर नाकारलं. मग बस. कोठी, काळा घोडा, फतेगंज, छाणी, पन्नास मिनिटं. जाताना चाळीस मिनिटं जास्त, येताना चाळीस. वर्षाला तीनशे दिवस धर, चारशे तास होतात. आठ तासांची पाळी धरली तर पन्नास पाळ्या. सत्तावीस वर्षांच्या साडेतेराशे. म्हणजे साडेचार वर्षं मी बसच्या सीटवर बिनपगारी नोकरी केली. आजोबांना दोष देत नाही. त्यांनी कधी पाळी केली नव्हती, त्यांना कसं कळणार.

तू तिसरी-चौथीत असताना माझी दुसरी पाळी असली की घरी यायला पावणेबारा व्हायचे. दाराजवळच्या पत्र्याच्या ट्रंकेवर तू वही उघडी ठेवून झोपायचास, सहीच्या जागेवर पेन आडवं. मी हात-पाय न धुता आधी ती सही करायचो, विसरू नये म्हणून. एकदा झोपेत तुझ्या चित्रकलेच्या पानावर सही केली, सूर्याच्या बरोबर मधोमध. बाईंनी शेरा मारला होता, "चित्र पालकांनी काढले आहे काय?" तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. अर्थात ते मला आईने सांगितलं, कारण त्या चार दिवसांत तू जागा असताना मी घरी नव्हतोच.

असो. मुद्द्यावर येतो.

हालोलमध्येच राहायचा विचार करू नकोस. तू एकटा असतास तर म्हटलं असतं राहा, पावागड चढ, चांपानेर बघ. पण ओवीची शाळा आहे, आणि मधुरा दिवसभर घरून काम करणार, तिला चार माणसं लागतील. शाळा मात्र घराच्या बाजूचीच घे. तू नदी ओलांडायची नाहीस आणि सात वर्षांची पोर व्हॅनमध्ये बसून ओलांडणार, याला अर्थ नाही. इथे आता पहिली ते आठवी गुजराती सगळ्याच शाळांना सक्तीचं आहे, 2023 मध्ये कायदा झाला. घाबरू नकोस. देवनागरी येते तिला, डोक्यावरची रेघ काढली की अर्धी गुजराती आलीच. उरलेली आई शिकवेल. भाजीवाल्यांशी भांडून तिची गुजराती माझ्यापेक्षा पक्की झालेली आहे.

एक वर्ष भाड्याने राहा. अकरा महिन्यांचा करार कर, पोलिस ठाण्यात भाडेकरू म्हणून नोंद झाल्याची पावती घरमालकाकडून घे. लगेच फ्लॅट बुक करू नकोस, सासरेबुवा कितीही म्हणाले तरी. हालोललाच एका मोठ्या मोटार कारखान्यात 2017 साली एका कंपनीची पाटी उतरली आणि मग दुसरीची लागली. ज्यांनी कारखान्याकडे बघून हप्ते सुरू केले होते, त्यांच्या घरी तेव्हा काय झालं असेल ते बघ. नोकरी टिकते का, ती तुला आवडते का, हे कळायला चार-सहा महिने तरी लागतातच.

सोसायटीत एक प्रश्न हमखास विचारतील, "नॉनवेज तो नथी खाता ने?" आपल्याकडे अंडंसुद्धा अंगणात उकडतं, पण मधुराचं माहेर मालवणकडचं, तिला मासे लागतात. खरं काय ते सांग. दोन घरं हातची जातील, तिसरं मिळेल. खिडक्या लावून सुरमई तळायची आणि बेल वाजली की पंखा पाचवर करायचा, हे फार दिवस चालत नाही. ज्या सोसायटीत दक्षिणी, बंगाली, मल्याळी अशी सरमिसळ आहे, तिथे आधी बघ.

गाडीची एनओसी पुण्याच्या आरटीओतून निघतानाच घे. एमएच 12 वर इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त फिरवता येत नाही, जीजे 06 करून घ्यावीच लागेल. त्या एका कागदासाठी मागाहून पुन्हा पुण्याला खेपा घालणारे लोक मी पाहिलेत.

न्यू व्हीआयपी रोडवर एक फ्लॅट बघून ठेवलाय. तिसरा मजला, दोन बेडरूम, भाडं 16,000 सांगितलंय, 15,000 ला होईल. मीटर जुन्या जागेवरच आहेत, पाणी आलं नव्हतं. खाली गल्ल्यावर विचारलं. गॅलरीतून विमानतळाचे दिवे दिसतात, ओवीला बघायला बरं. कपडे वाळत घालायला जागा कमी आहे, ते मधुराला आधीच सांग. तिथून वाडा रिक्षाने वीस मिनिटं, आणि मधे नदी नाही. कितीही पाऊस असला तरी तू आमच्यापर्यंत पोचशील आणि आम्ही तुमच्यापर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी ओवीला वाड्यात सोडायचं, रविवारी रात्री न्यायचं. निळी खोली त्यासाठीच झाली असं मी म्हणणार आहे.

घरमालक बुधवारपर्यंत थांबतो म्हणालाय. तू आईला फोन करशील तेव्हा हा फ्लॅट तुला ऑफिसातल्या कोणीतरी सुचवला असं सांग. माझं नाव काढू नकोस. तिने रंगाऱ्याला स्वतःच्या पेन्शनमधून पैसे दिलेत, आणि काल दुपारी खालून वर जाऊन तासभर त्या खोलीत नुसती बसून आली.

तुझे,
बाबा