युद्धपटाच्या साध्या डावांना वाचनालयात एक टेबल मिळावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मुले मोबाइलमधून डोके वर काढत नाहीत, अशी तक्रार करणारी काही पत्रे अलीकडे आपल्या दैनिकात वाचली. तक्रार खरी आहे, पण मुलाच्या हातातली वस्तू काढून घ्यायची तर तिच्या जागी देण्याजोगे दुसरे काही आपल्याजवळ असावे लागते. माझ्या लहानपणी असे काही आमच्या घरात आपसूक आले होते. इतिहासातल्या एखाद्या खऱ्या लढाईवर बेतलेला, तासा-दोन तासांत संपणारा आणि दहा-बारा वर्षांच्या मुलालाही एका बैठकीत समजेल असा तो पटावरचा साधा खेळ, म्हणजे युद्धपट, होता. त्याविषयी आणि आपल्या जिल्ह्यात त्याला मिळू शकणाऱ्या जागेविषयी लिहिण्यासाठी हे पत्र आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

माझे वडील देवळाली कॅम्पात लष्कराच्या कचेरीत कारकून होते. १९७५ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली आणि सामान आवरताना त्यांनी वडिलांना एक मोठा लिफाफा दिला. त्यात घडी घातलेला कागदी नकाशा, जाड पुठ्ठ्याच्या छोट्या चौकोनी सोंगट्या आणि इंग्रजीत छापलेले थोड्याच पानांचे नियम होते. तो खेळ होता ‘नेपोलियन अ‍ॅट वॉटर्लू’. न्यूयॉर्कच्या एस. पी. आय. या संस्थेने तो १९७१ मध्ये काढला होता, आणि तिच्या ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ या नियतकालिकाच्या नव्या वर्गणीदारांना, या छंदाची ओळख व्हावी म्हणून, तो विनामूल्य दिला जात असे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा एवढेच दिसत होते की सारीपाटाची घरे चौकोनी असतात, या नकाशावरची मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी आहेत. वडिलांनी नकाशा मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवला, आईने सोंगट्यांसाठी जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवली, आणि पुढे ज्या सोंगट्या हरवल्या त्यांच्या जागी आकडे लिहिलेले चिंचोके आले.

नियम फार थोडे होते. प्रत्येक सोंगटीवर दोन आकडे असत, एक तिच्या लढण्याच्या बळाचा आणि दुसरा ती किती घरे चालू शकते त्याचा. शत्रूच्या लगतच्या घरात पाऊल पडले की थांबावे लागे, आणि एकदा तिथे अडकल्यावर लढाईचा निकाल लागल्याशिवाय सुटका नसे. दादा आणि मी याला ‘अडवणूक’ म्हणत असू. ज्या शत्रूला आपण भिडलो आहोत त्याच्यावर हल्ला करावाच लागे. हल्ला करणाऱ्यांच्या बळाची बेरीज करायची, बचाव करणाऱ्याच्या बळाने तिला भागायचे आणि फासा टाकून कोष्टकात निकाल पाहायचा. उरलेला अपूर्णांक नेहमी बचाव करणाऱ्याच्या पदरात पडे. सातास चार म्हणजे दोनास एक नव्हे, एकास एकच; आठवे बळ कुठून तरी आणलेच पाहिजे. त्या एका बळासाठी लांबची एखादी पलटण वळवावी तर तिकडची फळी उघडी पडे. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा शाळेत यायच्या आधीच तो मला पाठ झाला होता, आणि मला वाटते, तो कुठल्याही धड्यापेक्षा पक्का झाला होता.

तोफखान्याची सोंगटी मात्र एक घर सोडून दुसऱ्या घरावर मारा करू शके. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्राच्या सरावाचे आवाज आमच्या घरापर्यंत येत. एखाद्या दुपारी पटावर दादाच्या तोफा माझ्या फळीवर रोखलेल्या असाव्यात आणि बाहेर खऱ्या तोफेचा दबका आवाज उमटावा, असे अनेकदा घडले. पन्नास वर्षे झाली, तरी तो आवाज ऐकला की मला पुठ्ठ्यावरचा वॉटर्लूचा माळ दिसतो.

या खेळाने मला इतिहास कसा वाचावा हे शिकवले. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला नेपोलियन हरला, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असते. पटावर मी नेपोलियनच्या बाजूने बसले की घड्याळ माझ्या विरुद्ध चाले. समोर टेकाडाच्या आडोशाने इंग्रज सेनापती वेलिंग्टनची फळी उभी असे आणि पूर्वेकडून त्याच्या मदतीला ब्लूखरचे प्रशियन (जर्मन) सैन्य येणार, हे ठाऊक असे. ते येण्याआधी फळी फुटली पाहिजे, म्हणून घाई करावी तर सैन्य अडवणुकीत सापडते, आणि धीर धरावा तर उजवी बगल जाते. रात्रीच्या पावसाने झालेला चिखल वाळेपर्यंत नेपोलियनने हल्ला लांबवला आणि आपला सेनानी ग्रूशी याला तेहतीस हजार सैन्यासह प्रशियनांच्या मागावर आधीच दूर पाठवून दिले, या दोन गोष्टी मी नंतर वाचल्या, तेव्हा त्या मला परक्या वाटल्या नाहीत. त्या वेळेची आणि त्या माणसांची टंचाई मी स्वतः भोगली होती. एरवी मितभाषी असलेल्या वडिलांनी त्याच काळात आम्हाला एकदा सांगितले होते की, त्या एका दिवसात ४० हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली, आणि पटावरून उचललेल्या प्रत्येक सोंगटीत त्यातले काही आहेत, हे विसरायचे नाही. युद्धाचा खेळ मुलांना रक्तपाताची गोडी लावतो, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परंतु माझा अनुभव निराळा आहे. पराभवाची आणि हानीची मोजदाद करायला लावणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

या छंदाचा पूर्वेतिहास मोठा आहे. आपल्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ होतेच. प्रशियात १८२४ मध्ये राइसवित्झ या अधिकाऱ्याने आपल्या वडिलांचा युद्धखेळ सुधारून सैन्याच्या शिक्षणासाठी पुढे आणला. घरोघरी विकल्या जाणाऱ्या आधुनिक खेळांची सुरुवात अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी केली. त्यांचा ‘टॅक्टिक्स’ १९५४ मध्ये विक्रीला आला, आणि १९५८ मध्ये बाल्टिमोर येथे स्थापन केलेल्या अ‍ॅव्हलॉन हिल या संस्थेतर्फे त्यांनी ‘गेटिसबर्ग’ हा खऱ्या लढाईवरचा खेळ काढला. पुढे हे खेळ फुगत गेले. १९७९ चा उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवरचा एक खेळ पुरा व्हायला पंधराशे तास लागतील असा अंदाज सांगितला जातो, आणि इटालियन सैनिकांना शेवया उकडायला जास्तीचे पाणी लागते, इतका बारकावा त्याच्या नियमांत होता. अशा खेळांबद्दल मला आदर आहे. परंतु नवख्या माणसाला त्या दारातून आत आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाणकार मंडळी साध्या खेळांना ‘मुलांचे’ म्हणून बाजूला सारतात, हे मला मान्य नाही. थोड्या नियमांत लढाईचा गाभा पकडणे हे अधिक अवघड काम आहे. १९७२ च्या ‘क्वेबेक १७५९’ या कॅनडातल्या खेळात लाकडी ठोकळे उभे ठेवतात, त्यांचा छापील चेहरा आपल्याकडे असतो, म्हणून समोरच्याला कुठे किती सैन्य आहे ते दिसत नाही, आणि हानी झाली की ठोकळा एका बाजूने वळवायचा. रणांगणावरचे अज्ञान एवढ्या एका युक्तीत उतरले आहे. २००४ चा ‘मेमॉयर ’४४’ आणि २००६ चा ‘कमांड्स अँड कलर्स : एन्शंट्स’ हे खेळ हातातल्या पत्त्यांवर चालतात. डावी बगल, मध्य किंवा उजवी बगल, ज्या भागाचा पत्ता हाती असेल तिथलेच सैन्य हलवता येते, त्यामुळे सेनापतीचा हुकूम प्रत्येक वेळी सर्वत्र पोहोचत नाही, हे नऊ वर्षांच्या माझ्या नातीलाही न सांगता कळले.

हे सारे परदेशी खेळ परदेशी लढायांचे आहेत आणि आयात केलेले खोके सामान्य घराला परवडत नाही. माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा इथूनच सुरू होतो.

१९७७ च्या मे महिन्यात दादाने आणि मी जमाखर्चाच्या कोऱ्या कागदावर षटकोन आखून रामशेजचा डाव तयार केला. पेठ रस्त्याने गेल्यावर आशेवाडीच्या माथ्यावर उभा असलेला हा किल्ला नाशिककरांना ठाऊक आहे. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने त्याला वेढा घातला, शहाबुद्दीन खानाला यश येईना म्हणून पुढे बहादूरखान आला, आणि तरीही मूठभर मराठ्यांनी तो कित्येक वर्षे झुंजवला. लाकडी दमदमा (माऱ्यासाठीचा उंच मनोरा) उभारून मोगलांनी वरती मारा केला, आणि गडावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या तोफांना कातडे मढवून त्या डागल्या, हेही आपण ऐकत आलो आहोत. आमच्या पहिल्या डावात मोगल दर वेळी जिंकत होते. त्यांचे बळच इतके होते की फासा कसाही पडो, प्रमाण त्यांच्याच बाजूचे येई. मग दादाने विचारले की, असे असेल तर खरा गड टिकला कसा? याचे उत्तर घरात बसून मिळेना, म्हणून पुढच्या रविवारी वडील आम्हाला रामशेजवर घेऊन गेले. कड्याला वळसा घालून चालताना दिसले की वर जायला वाट फारच थोड्या ठिकाणी आहे. घरी येऊन आम्ही गडाभोवतीची सारी घरे ‘कडा’ म्हणून रंगवली आणि हल्ल्यासाठी तीनच मोकळी ठेवली. आता मोगलांकडे कितीही सोंगट्या असल्या तरी एका वेळी तिघांनाच भिडता येई, बाकीच्या खाली उभ्या राहून रसद खात. डाव एकदम अटीतटीचा झाला. इतिहास शिकवण्यात माझी पुढे तीस वर्षे गेली, परंतु भूगोल इतिहासाला कसा वाकवतो हे मला त्या रंगवलेल्या घरांनी जितके समजावले, तितके मी फळ्यावर कधी कुणाला समजावू शकले असेन असे वाटत नाही.

आपल्या जिल्ह्यात असे डाव विखुरलेले आहेत. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगल सरदार दाऊदखानाने वणी-दिंडोरी परिसरात गाठले, तेव्हा खजिना पुढे रवाना करायचा आणि मागे शत्रूला थोपवून धरायचे, असा पेच होता. पटाच्या एका कडेने खजिन्याच्या सोंगट्या बाहेर काढल्या की मराठे जिंकले, एवढा एकच नियम त्या डावाला पुरतो. १६७२ ची मोगलांशी झालेली साल्हेरची लढाई तर उघड्या मैदानावरची. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले, आणि त्याच लढाईत सूर्यराव काकडे पडले. दोन दिशांची दोन सैन्ये वेळेवर एकत्र येतात की नाही, यावरच तो खेळ उभा राहील. यासाठी कारखाना लागत नाही. एक मोठा कागद, जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, दोन फासे आणि नियमांचे एक पान एवढे पुरते.

दर दिवाळीला आपल्या गल्लीगल्लीत मुले मातीचे किल्ले करतात, हळीव पेरून हिरवळ उगवतात, पायऱ्यांवर मावळे मांडतात, आणि भाऊबीज झाली की किल्ला मोडतो. किल्ला करतानाची त्यांची तल्लीनता ज्यांनी पाहिली आहे त्यांना मुलांना इतिहासाची आवड नाही असे म्हणवणार नाही. ते मांडलेले मावळे चालू लागावेत, त्यांना शत्रू, वाट, भूक आणि वेळ भेटावी, एवढेच मागणे आहे.

म्हणून माझी शहरातील वाचनालयांना, विशेषतः ज्यांचे बालविभाग आहेत त्यांना, आणि इतिहास शिकवणाऱ्या माझ्या शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे की, या सुट्टीत आठवड्यातून एक दुपार युद्धपटाच्या टेबलासाठी राखून ठेवावी. सुरुवात अगदी लहान पटाने करावी. नियम मोठ्याने वाचून दाखवू नयेत, पहिल्या चार खेळ्या सोबत बसून खेळाव्यात, म्हणजे बाकीचे नियम मुले स्वतःच विचारतात. हरलेल्या मुलाला लगेच बाजू बदलून दुसरा डाव द्यावा. मी गेली दोन वर्षे माझ्या सोसायटीतल्या मुलांबरोबर याच रीतीने खेळते आहे.

रामशेजचा तो पट अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली आहे, परंतु घरे स्पष्ट दिसतात. ज्या वाचनालयाची तयारी असेल तिथे मी तो घेऊन येईन. टेबल खिडकीजवळचे असावे, सोंगट्यांवरचे आकडे आता पुसट झाले आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
नाशिक