तक्रार: ‘बाई बदलून देतो’ हे उत्तर नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक समाधान विभाग

विषय: घरी राहणाऱ्या नव्या नॅनीला रुळवून देण्याच्या ‘सेटल-इन पॅकेज’चे पैसे घेऊन सेवा न देणे आणि वर ग्राहकालाच खोटं पाडणे

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनशी बोलून फोन ठेवला. डोकं शांत झाल्यावर लिही, असं घरच्यांचं म्हणणं आहे. शांत डोक्याने बोलून काय पदरात पडतं ते आताच पाहिलं, त्यामुळे तसंच लिहायला बसले आहे.

पॅकेजमध्ये काय काय येतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही, छापलंय तुम्हीच. आधीच्या ताई आणि नव्या ताई काही दिवस एकत्र काम करणार होत्या. बाळाची माहिती आम्ही फॉर्ममध्ये भरायची आणि तुम्ही ती नव्या ताईंना आधीच समजावून सांगायची, असं ठरलं होतं. शिवाय पहिल्या आठवड्यात तुमच्या समन्वयक घरी येऊन आम्हाला आणि ताईंना समोरासमोर बसवून कामाचे तास, रात्रीची जबाबदारी आणि सुट्टी ठरवून देणार होत्या. यातलं काहीही झालं नाही. पैसे मात्र आगाऊ आणि एकरकमी घेतलेत.

आधीच्या ताईंना तुम्ही नव्या ताई यायच्या आदल्या रात्रीच दुसऱ्या ग्राहकाकडे हलवलंत. आमचं बाळ दहा महिन्यांचं आहे. साधारण आठव्या महिन्यापासून मुलांना ओळखीचा आणि अनोळखी चेहरा यातला फरक टोचायला लागतो, रोजचं माणूस नजरेआड झालं की ती कासावीस होतात, आणि हे पुढे कित्येक महिने चालतं. हे मी नाही, तुमच्याच माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय, खाली हसऱ्या बाळाचा फोटो आहे. हे ठाऊक असताना रोज सकाळी उठवणारं माणूस रातोरात गायब करायचं आणि दुसऱ्या दिवशी दारात नवीन माणूस उभं करायचं, याला तुमच्याकडे ‘सुरळीत हस्तांतरण’ म्हणतात.

नव्या ताई आल्या. हातात एक पिशवी आणि तुमच्या कार्यालयाने दिलेली चिठ्ठी. चपला काढता काढता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वहिनी, शाळेची बस किती वाजता येते?” मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चूक होते आहे. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. त्यावर पत्ता आमचा होता, आणि खाली लिहिलं होतं : ‘मुलगी ५ वर्षे, दिवसभर शाळा, रात्रीचे काम नाही, हलके काम.’ आमचा मुलगा आहे. दहा महिन्यांचा आहे. अजून धरून उभा राहतो आणि रात्री उठतो.

फॉर्मबद्दल तर काय बोलावं. बाळ कसं झोपतं, कशाने शांत होतं, तापाच्या औषधाचा डॉक्टरांनी वजनावरून दिलेला डोस, हे सगळं मी जागून भरलं होतं. अंड्याची ॲलर्जी लाल शाईने, अधोरेखित करून लिहिली होती. ताईंना त्यातला एक शब्दही माहीत नव्हता. फॉर्म मिळाला का, म्हणून मी विचारलं तर त्या म्हणाल्या, “कसला फॉर्म?” त्या सकाळी मी घरात नसते तर ही ॲलर्जी त्यांना कशी कळली असती, याचं उत्तर मला लेखी हवं आहे. इथे ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ चालणार नाही. ही गैरसोय नाही.

आता प्रशिक्षणाबद्दल. तुमच्या प्रोफाइलमध्ये ताईंच्या हातात प्रमाणपत्र आहे. ताईंनीच सांगितलं की एक दुपारभर मोबाइलवर व्हिडिओ दाखवले, प्रमाणपत्र हातात देऊन फोटो काढला आणि ते परत घेतलं, कारण पुढच्या बाईचा फोटो काढायचा होता. पहिल्या रात्री त्यांनी मायेने बाळाच्या डोक्याखाली उशी दिली. वर्षाच्या आतल्या बाळाला उताणं झोपवायचं, अंथरूण सपाट ठेवायचं, उशी आणि मऊ खेळणी जवळ ठेवायची नाहीत, हे मी सांगितल्यावर त्यांनी लगेच उशी काढली आणि कारणही विचारलं. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. म्हणजे शिकायची तयारी त्यांच्याकडे भरपूर आहे. शिकवायची जबाबदारी ज्यांनी पैसे घेऊन उचलली होती, ते मात्र फोटो काढत होते.

हे स्पष्ट लिहिते आहे, कारण तुमची माणसं माझी तक्रार ताईंच्या नावावर ढकलू पाहत आहेत. माझी तक्रार ताईंबद्दल नाही. तुमच्याबद्दल आहे.

आता आजचा फोन. हा तुमच्याकडे रेकॉर्ड होतो असं सुरुवातीला सांगतात, तेव्हा तो काढून ऐकाच. तरी सांगते.

तुमच्या प्रतिनिधींनी आधी मला ताईंचं नाव चुकीचं सांगितलं. ते दुरुस्त केलं. मग म्हणाले, “बाळ रडतं म्हणजे बाई नापसंत, असं नोंदवू का?” मी म्हटलं, नाही, बाई पसंत आहेत. “मग तक्रार काय आहे मॅडम?” मी म्हटलं, घरभेट झालेली नाही, ती करा. इतकंच. थोडा वेळ संगीत वाजलं. परत आले आणि म्हणाले, “मॅडम, घरभेट झालेली आहे. सिस्टिममध्ये ‘पूर्ण’ दाखवतंय.”

मी विचारलं, कोण आलं होतं? “ते इथे दिसत नाही.” कधी आलं होतं? तारीख सांगितली. म्हटलं, त्या दिवशी मी पूर्णवेळ घरात होते, ताईही होत्या, कोणीही आलेलं नाही. यावर तुमच्या प्रतिनिधींनी जरा आवाज मऊ करून, जणू मला सांभाळून घेत म्हटलं, “मॅडम, लहान बाळ आहे ना घरात, दमायला होतं. तेव्हा तुमचा डोळा लागला असेल.”

माझा डोळा लागला असेल! तुमच्या समन्वयक आल्या, झोपलेल्या मला न उठवता ताईंशी आणि बाळाशी चर्चा केली, आमच्या वतीने कामाचे तास ठरवले, माझी सही स्वप्नात घेतली आणि दार लोटून निघून गेल्या. ताईंनाही बहुतेक त्याच वेळी झोप लागली असावी. आणि हो, बाळही झोपलं असेल, म्हणजे दहा महिन्यांत पहिल्यांदाच घरातले सगळे एकदम झोपले आणि नेमकी तेव्हाच तुमची घरभेट ‘पूर्ण’ झाली. मी हे त्यांना असंच्या असं ऐकवलं. त्यावर उत्तर आलं, “मॅडम, मी फक्त सिस्टिममधलं बघून सांगतोय. तुम्हाला हवं असेल तर बाई बदलून देऊ, दुसरा पर्याय इथे येत नाही.”

बाई बदलून देऊ. बल्ब आहे का तो? तुमच्याकडे प्रत्येक तक्रारीला हेच एक उत्तर आहे. ॲलर्जीची माहिती पोचली नाही, बाई बदलून देऊ. घरभेट झाली नाही, बाई बदलून देऊ. बाळ आता कुठे ताईंच्या कडेवर जाऊन माझ्याकडे वळून बघायचं थांबलंय. आधी मी खोलीत असताना त्या नुसत्या खेळल्या, मग भरवणं त्यांच्याकडे गेलं, मग आंघोळ. झोपवणं सगळ्यात शेवटी, ते अजून अर्धंच जमतंय. हे सगळं आम्ही आणि ताईंनी मिळून केलं. खरं तर याचेच पैसे तुम्ही घेतले होते. आता ते मोडून बाळाला तिसरा चेहरा दाखवायचा आणि तुमच्या सिस्टिममध्ये आणखी एक ‘पूर्ण’ टाकायचं?

फोन ठेवल्याबरोबर मेसेज आला : ‘आपल्या घरभेटीला किती तारे द्याल?’

आणखी एक गोष्ट आहे. ती फोनवर बोलायचीही मला लाज वाटली, पण लिहिते. तुमच्या ‘स्वागत सूचना’ कागदात तिसरा मुद्दा आहे : सहायिकेचं मूळ ओळखपत्र ग्राहकाने स्वतःकडे कुलूपबंद ठेवावं. पाचवा मुद्दा : पहिला महिना सुट्टी देऊ नये, घरची आठवण येऊन मन रमत नाही. यालाच तुम्ही रुळवणं म्हणता का? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार २०११ मधला आहे. त्यात ओळखीची कागदपत्रं कामगाराच्याच ताब्यात राहण्याचा हक्क आहे, आठवड्यातून किमान सलग २४ तासांची विश्रांती आहे, आणि एजन्सीची फी कामगाराच्या पगारातून कापली जाऊ नये यासाठी उपाय करायला सांगितले आहेत. हा करार ज्या देशांनी स्वीकारला त्यांनाच बंधनकारक असतो, हे मला माहीत आहे. तुमच्या विधी विभागाने तेवढंच कळवायला पत्र पाठवू नये. ताईंचं ओळखपत्र ताईंकडे आहे. त्यांच्या खोलीला आतून कडी आहे आणि किल्ली त्यांच्याकडे आहे. सुट्टी त्या पहिल्या आठवड्यापासून घेतात आणि मन रमलंय की नाही ते त्यांना विचारा, सिस्टिमला नको.

पगारातून कापण्याचं लिहिलं, कारण तुम्ही ते केलंय. आमच्याकडून फी घेतलीत आणि त्यांच्या पहिल्या पगारातूनही ‘नोंदणी’ म्हणून वेगळी रक्कम काढलीत. हे मला तुमच्याकडून नाही, ताईंकडून कळलं, तेही त्या घरी पैसे कमी का पाठवले हे फोनवर समजावत होत्या म्हणून.

माझ्या बहिणीने तुमचं नाव सुचवलं होतं. तिच्या वेळी तुमच्या कार्यालयात स्वतः फोन उचलणाऱ्या, बाळाचं नाव लक्षात ठेवणाऱ्या एक बाई होत्या, असं ती सांगते. त्या आता तुमच्याकडे नसाव्यात. पुढे कोणी मला विचारलं तर मी काय सांगेन हे वेगळं लिहायला नको, आणि आमच्या इमारतीत विचारणारे बरेच आहेत.

मला हवं आहे ते असं. घरभेट खरोखर करा, आधी कळवून, आणि येणाऱ्या व्यक्तीचं नाव द्या. सिस्टिममधली ती खोटी नोंद कोणी टाकली ते लेखी सांगा. बाळाचा फॉर्म आणि त्यातली आमची माहिती कोणाकडे गेली तेही सांगा, कारण आमच्या ताईंकडे तर ती आली नाही. पॅकेजची रक्कम परत करा. एवढं सगळं आम्हीच केल्यावर तुमच्याकडे ती ठेवण्याचं कारण उरत नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर माहितीपत्रक, चिठ्ठी, तो ‘स्वागत सूचना’ कागद आणि ताऱ्यांचा मेसेज घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. चिठ्ठी जपून ठेवली आहे, ५ वर्षांच्या मुलीसकट.

बाई बदलून नको आहेत. हे तिसऱ्यांदा लिहिते आहे, कारण तुमचं उत्तर तेच येणार याची मला खात्री आहे.

आणि ताईंच्या पगारातून कापलेले पैसे त्यांच्या खात्यात परत जमा करा. पावती त्यांच्या नावाने, त्यांच्या हातात द्या. माझ्याकडे पाठवू नका.

आपली,
अद्याप तरी ग्राहक