तारीख घेतली आहे, रागावू नका

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. बाबांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी 14 तारीख घेतली आहे. न विचारता घेतली, हे चुकलंच. पण जिन्यातली पायरी चुकल्याचं मला शेजारच्या काकूंकडून कळावं, हे तरी बरोबर का, आई?

बाबा, तारीख एका फोनवर बदलता येते. डोळ्यात बसवलेलं भिंग मात्र सहसा कोणी बदलत नाही. भीतीला हा फरक कळत नाही, तिला दोन्ही सारखीच मोठी दिसतात; म्हणून दोन वर्षं दोन्ही राहिलं. तारखेचं माझ्यावर सोडा. भिंग कोणतं ते तुम्हीच ठरवा, मी त्यात पडणार नाही. (थोडी पडणार आहे, खाली आहेच.)

कॅलेंडरच्या मागचा कोरा कागद घ्या, जसा मला गणितं घालायला घ्यायचात. डावीकडे भीती लिहा, उजवीकडे तिच्यावरचा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न. "दुखेल" याच्यासमोर "भूल कशी देणार?" बहुतेकदा नुसते थेंब घालून डोळा बधिर करतात. "मध्येच खोकला आला तर?" हात न हलवता तोंडाने सांगायचं, ते थांबतात. प्रत्यक्ष काम पंधरा-वीस मिनिटांचं. आणि "अण्णाकाकांसारखं झालं तर?" हेही लिहा, खोडू नका. त्या काळी मोठी चीर, टाके आणि वर तो जाड चष्मा. आता चीर तीन मिलिमीटरच्या आतली, घडी घातलेलं भिंग त्यातूनच आत जाऊन उलगडतं. पहिलं भिंग 1949 मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी बसवलं. लढाऊ वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लास्टिकचे, कण राहिले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. तुमच्या नववीच्या वर्गाला आवडलं असतं.

आई, "पिकू दे, मग काढू" हे तुझं आता जुनं झालं. पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, तो फोडायला जास्त वेळ यंत्र चालवावं लागतं आणि त्याचा ताण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर येतो.

आता भिंग. एकाच अंतराचं घेतलं तर लांबचं स्वच्छ दिसतं, पेपरला चष्मा लागतो. अनेक अंतरांचं घेतलं तर चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. तुम्ही अजून अंधारात स्कूटर काढता (कितीही सांगितलं तरी!), म्हणून माझं मत पहिल्याला. महागडं म्हणजे तुमच्यासाठी चांगलं, असं नाही. पैशांचं मात्र मनात आणू नका, ते झालंय.

तपासणीला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. लघवीसाठीची रात्रीची गोळी आवर्जून दाखवा, पूर्वी घेऊन बंद केली असती तरी सांगायचीच. तिने बुबुळ ऑपरेशनमध्ये ढिलं पडू शकतं, डॉक्टरांना आधी कळलं की ते तयारीत असतात. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

नंतरचे थेंब तू घालायचेस, आई. हात थरथरतो म्हणून घाबरू नकोस. बाबांना आडवं झोपव, मनगट त्यांच्या कपाळावर टेकव, खालची पापणी ओढ आणि एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. दोन औषधांत पाच मिनिटं सोड. डोळा बरा दिसला तरी थेंब मध्येच सोडायचे नाहीत, कागदावर आहेत तसेच कमी करत न्यायचे. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. रात्री प्लास्टिकची झाकणी लावायची. फोडणी देताना बाबांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नकोस, चव बघायला ते येणारच.

थोडं खुपणं, पाणी येणं चालतं. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसायचं कमी झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना. जंतुसंसर्ग क्वचित होतो, हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी, पण तो तासांवर हिशेब करतो. सकाळपर्यंत थांबायचं नाही आणि मला कळवायला तर अजिबात थांबायचं नाही. पुढे कधी पुन्हा धूसर झालं तर "मोतीबिंदू परत आला" म्हणू नका. भिंगामागचा पडदा गढूळ होतो, लेझरने काही मिनिटांत मोकळा होतो.

मी दहाच दिवस राहू शकते, ते डाचतंय. डावा डोळा नंतर, त्याची तारीख मी घेणार नाही, बाबा, ती तुम्ही घ्या.

तुमची,
चिमी

ता. क. गॉगल मी आणते. काळा नको म्हणाला होतात ना, तपकिरी बघून ठेवलाय.