आस्थापनेच्या (पदं-पगाराच्या) टेबलावरच्या भाऊसाहेबांना

भाऊसाहेब, नमस्कार.

मी कोण ते तुम्हाला आठवणार नाही. 2021 च्या पावसाळ्यात तुम्ही फोन करून आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या हद्दीतल्या बाळंतपणांचे आकडे मागितले होते, ती आशा सेविका मी. घरात रेंज नव्हती म्हणून छत्री धरून पाण्याच्या टाकीच्या चढावर गेले होते. वही भिजत होती आणि तुम्ही सारखं म्हणत होतात, "बाई, सावकाश. महिन्यावार सांगा."

खरं सांगते, तेव्हा राग आला होता. आणखी एक तक्ता, दुसरं काय!

आमच्या उपकेंद्रात तेव्हा चार वर्षं सिस्टर नव्हती. शेजारच्या सिस्टरकडे अतिरिक्त कार्यभार, त्या यायच्या गुरुवारी, लसीकरणाला. बाकी सहा दिवस कुलूप. डोंगरी भागात 3000 लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष. इमारत निकषाने मिळाली, आत बसायला माणूस नाही. बाईला कळा सुरू झाल्या की जीप शोधायची आणि घाट उतरायचा.

ते आकडे कशाला हवे होते, हे मला पुढे तालुक्याच्या मीटिंगमध्ये कळलं. वरून रिक्त पदांची यादी मागवली होती. इतकी वर्षं रिकामं आहे म्हणजे गरजच नसेल, असा सोपा हिशेब. आधी पगाराची तरतूद कापायची, मग पद आकृतिबंधातून, म्हणजे मंजूर पदांच्या यादीतूनच, जातं. आणि गेलेलं पद पुन्हा मंजूर करून आणायचं म्हणजे मंत्रालयाचे किती जिने, ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही नुसती यादी पाठवून मोकळे झाला असतात तरी कुणी बोट दाखवलं नसतं. तुम्ही माझ्या भिजलेल्या वहीतले आकडे जोडले आणि शेरा मारलात, "कार्यभार आहे. तरतूद कायम ठेवावी." पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातही तेच, असं ऐकलं.

2019 च्या जिल्हा परिषद भरतीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या नणंदेच्या मुलीनेही फॉर्म भरला होता. परीक्षा झालीच नाही. मग ऑगस्ट 2023 मध्ये 19,460 पदांची जाहिरात निघाली. आमच्या सिस्टरचं पद कागदावर जिवंत होतं म्हणून त्यात आलं.

मी स्वतः मानधनावरची, तुमच्या पगारपत्रकात माझं नाव कुठेच नाही. तरी आभार मानायचा हक्क माझा आहे, कारण घाट मी उतरलेय.

आता सिस्टर इथेच राहतात. गेल्या आठवड्यात वरच्या पाड्यावरून रात्री दीडला एका पहिलटकरणीला आणलं. ओट्यावरचा दिवा चालू होता, बीपीचं मशीन टेबलावर काढून ठेवलेलं. मुलगी झाली, अडीच किलो.

आणि भाऊसाहेब, पुरुष आरोग्यसेवकाचं पद अजून रिकामंच आहे. तापाचे किती रक्तनमुने मी घेतले ते तारखेनिशी लिहून ठेवलंय. फोन करा. आता टॉवर झालाय, चढावर जावं लागत नाही.

तुमची,
उपकेंद्राची आशा